माग भंगारात जाण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग आता किलोवर विकला जातो. भंगारवाला शेडमध्ये येतो, माग खोलतो, बिडाचे सुटे भाग वजनकाट्यावर टाकतो, रोख पैसे मोजतो आणि टेम्पो भरून निघून जातो. दोन-तीन तासांचं काम. ज्या मागावर एका घराच्या दोन पिढ्या जगल्या, मुलींची लग्नं झाली, मुलं कॉलेजात गेली, तो माग दुपारच्या जेवणाआधी वाटेला लागलेला असतो.

आपल्यापैकी अनेकांनी हे पाहिलं आहे. पाहून आपण हळहळतो आणि पुढं जातो. आता त्या हळहळीला कामाला लावायची वेळ आली आहे.

कारण माग जातो तेव्हा एकटा जात नाही. शेडसमोरची चहाची टपरी उठते. कांड्या भरणाऱ्या बायकांचं काम सुटतं. माग दुरुस्त करणारा जॉबर दुसरं गाव धरतो. चादरींना शिलाई मारणारी, टॉवेलच्या घड्या घालणारी, सुताचे गठ्ठे हातगाडीवरून आणणारी माणसं पांगतात. मग सणाची वर्गणी काढायला चार पोरं जमत नाहीत, आणि कुणाच्या घरी वाईट घडलं तर रात्री दाराशी उभी राहणारी माणसंही कमी होतात. आपला पूर्वभाग या माणसांमुळे पूर्वभाग आहे. साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौकापासून गांधीनगर, नीलमनगर, एमआयडीसी आणि थेट कुंभारीपर्यंत पसरलेली ही वस्ती म्हणजे शहराच्या अंगाला चिकटलेलं एक मोठं गावच आहे.

हे गाव उभं कसं राहिलं, ते आपल्या मुलांना ठाऊक आहे का? सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. तिला आपण आजही जुनी मिल म्हणतो. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर भागांतून विणकर कुटुंबं पोटासाठी इकडं येत राहिली. कुणी गिरणीत लागलं, कुणी घरातच हातमाग मांडला. शेजारी कन्नड बोलणारे आले, मराठी खेड्यांतून माणसं आली, उर्दू बोलणारी कुटुंबं आली. गिरणीच्या भोंग्यावर अख्खं शहर उठायचं, जेवायचं आणि झोपायचं.

याच कामगारांच्या सोलापुरानं १९३० साली इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला. त्याच लढ्यापायी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. ही चार नावं एकदा मुलांसमोर मोठ्यानं वाचा. आपलं शहर कसल्या मिश्रणातून घडलंय, ते वेगळं सांगावं लागणार नाही.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. भोंगे थांबले. पण विणकामानं दम सोडला नाही. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, जॅकार्ड आलं आणि सोलापुरी चादर देशभर गेली. मुंबईच्या चाळीत, पुण्याच्या वसतिगृहात, कोकणातल्या माळ्यावर, लग्नाच्या रुखवतात ती पोचली. मग टेरी टॉवेल आला आणि तो परदेशी निघाला. माग गल्लीबोळांतून एमआयडीसीच्या शेडमध्ये आले, आणि अक्कलकोट रोडच्या दोन्ही अंगांना दिवसरात्र खडखडाट सुरू झाला. २००५-०६ च्या सुमारास सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन मिळालं. ही वस्तू या गावची, असा कायद्यानं मारलेला तो शिक्का आहे.

आणि आज? चादरीचे माग झपाट्यानं कमी होत आहेत. एक एक शेड गोदाम होते आहे. कारणं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. पानिपतचं स्वस्त, मऊ ब्लँकेट बाजारात आलं आणि लोकांनी ते उचललं. सोलापूरच्या नावाखाली दुसरीकडचाच माल विकला जाऊ लागला. सुताचे भाव कधी चढतात, कधी कोसळतात आणि छोट्या कारखानदाराला दोन्ही वेळा मार बसतो. जुन्या मागाला विजेचं बिल परवडत नाही आणि नव्या रॅपिअर मागाला कर्ज पेलवत नाही. कामगार म्हणतो, बारा तास उभं राहून हातात येतं किती? त्याचा मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला निघून जातो. त्या मुलाला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. बापाची पाठ आणि कान त्यानं पाहिलेत.

म्हणून कुणाला दोष देत बसू नका. कारखानदारानं कामगाराकडं, कामगारानं कारखानदाराकडं आणि दोघांनी मिळून सरकारकडं बोट दाखवण्यात आपली बरीच वर्षं गेली. मागण्या रास्त आहेत, त्या लावून धरायलाच हव्यात. वीज सवलत हवी, भविष्य निर्वाह निधी हवा, नव्या यंत्रांना परवडणारं भांडवल हवं. पण त्या मान्य होईपर्यंत जे हातातून निसटतंय ते धरून ठेवायला कुठल्याही मंत्र्याची सही लागत नाही.

काय निसटतंय, ते एका वस्तूत दाखवतो. जॅकार्डच्या चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर काढलं जायचं. एकेक चौकट म्हणजे ताण्याचा धागा बाण्याला एकदा भेटण्याची जागा. कारागीर लाल पेन्सिलीनं चौकटी भरत जायचा. एक मोर काढायला हजारो चौकटी. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडली जायची. भोक असेल तिथं ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. अशा शेकडो पट्ट्या दोरीनं एकमेकींना बांधून मागाच्या माथ्यावर माळेसारख्या लटकवायच्या. धोटा इकडून तिकडं गेला की माळ एक पट्टी पुढं सरकते. फ्रान्समधल्या जोसेफ जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. पुढं यंत्रांना भोकांच्या कार्डांतून सूचना देण्याची कल्पना गणकयंत्रांनीही उचलली. संगणकाच्या त्या पणजोबांना आपल्या पूर्वभागातल्या चार बुकं शिकलेल्या माणसांनी कोळून प्यायलं होतं.

या कार्डांच्या माळा आज कुठं आहेत? शेड रिकामी करताना त्या रद्दीत जातात. कुणाच्या छतावर भिजून पुठ्ठा फुगलाय. डिझाइनचे चौकटीचे कागद कपाटाच्या तळाशी वाळवी खातेय. ज्यांनी ते काढले ते कारागीर सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत, डोळे अधू झालेत, पण विचारा त्यांना, हाताच्या हालचालीसकट सगळं सांगतील. हे ऐकून घेण्यासाठी आपल्याकडं फार वर्षं नाहीत.

आणि हे फक्त यंत्राचं ज्ञान नाही. या मागांभोवती आपण एकत्र जगायला शिकलो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी तेलुगू विणकरांच्या पद्मशाली घरांत जानवं बदललं जातं आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. नवरात्रात आया-बहिणी बतुकम्मा रचतात. माळरानातून आणलेला पिवळा तरवड, कुरडूचे तुरे, झेंडू. ताटात एकावर एक थर चढत जातात. मग टाळ्यांच्या तालावर फेर धरून तेलुगू गाणी सुरू होतात आणि शेजारची मराठी, कन्नड बोलणारी लेकही न बोलावता फेरात शिरते. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला आपण सगळे असतो. एका शेडमध्ये चार भाषा बोलल्या जातात आणि कुणालाच दुभाष्या लागत नाही. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याची किंमत आपण करत नाही.

याच मातीतून डॉ. लक्ष्मीनारायण बोल्ली उभे राहिले. तेलुगू घरात जन्मून त्यांनी मराठीत कविता लिहिली, दोन भाषांमध्ये पूल बांधला आणि आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं ‘एका साळियाने’. साळी असण्याचा केवढा अभिमान आहे त्या नावात! आपल्या भागातल्या किती शाळांच्या ग्रंथालयात ते पुस्तक आहे? नसेल तर पुढच्या महिन्यात असायला हवं. हे काम अगदी सोपं आहे, एका माजी विद्यार्थ्यानं मनावर घेतलं तरी होईल.

एक गोष्ट मात्र काळजावर दगड ठेवून बोलली पाहिजे. १८ मे २०२५ च्या पहाटे आपल्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. कारखान्याच्या मालकांच्या घरातली माणसं होती, तिथंच राहणारं कामगारांचं कुटुंब होतं, लहान मूल होतं. मालक आणि कामगार एकाच छताखाली झोपत होते, एकाच आगीत गेले. आग आटोक्यात यायला कित्येक तास लागले. कारखान्याच्या वर किंवा मागं बिऱ्हाड ही आपली जुनीच रीत. घर आणि माग वेगळे नव्हतेच कधी. पण सूत, टॉवेल, रंग यांच्या ढिगाऱ्यात झोपणाऱ्या माणसाला बाहेर पडायला दुसरी वाट नसेल, तर ती रीत बदलावीच लागेल.

आपला वारसा जपायचा म्हणजे आधी माणूस जपायचा. म्हणून पहिली विनंती हीच. ज्यांची ज्यांची शेड आहे त्यांनी या आठवड्यात फक्त एवढं पाहावं : माणसं झोपतात तिथून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का? रात्री बाहेरून कुलूप लागतं का? मुख्य दाराशी गठ्ठे रचलेत का? वायरिंग शेवटचं कधी तपासलं? आग विझवायची नळकांडी भरलेली आहेत का, आणि रात्रपाळीच्या कामगाराला ती चालवता येतात का? शेजारच्या शेडवाल्यालाही हेच विचारा. तो रागावणार नाही. त्या पहाटेनंतर कुणीच रागावणार नाही.

माणसानंतर गाव जपायचं. जगात आपल्यासारखी गावं इतरत्रही होती, आणि त्यांतली काही वाचली. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या भागात सॉल्टेअर नावाचं गाव आहे. टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीमालकानं १८५० च्या दशकात आपल्या लोकरीच्या गिरणीभोवती कामगारांसाठी ते वसवलं. घरं, शाळा, दवाखाना, सभागृह, बाग, प्रार्थनाघर, सगळं एकाच दगडातलं. १९८६ साली गिरणी बंद पडली. एवढी अजस्र इमारत ओस पडली. पण बंद पडण्याच्या आधीच, १९८४ मध्ये, गावकऱ्यांनी आपलं मंडळ काढलेलं होतं. गिरणी बंद पडल्याच्या पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या त्याच भागातल्या माणसानं ती विकत घेतली, तिथं चित्रांचं दालन, पुस्तकांचं दुकान सुरू केलं, काही भागात नवे उद्योग आणले. २००१ साली युनेस्कोनं सॉल्टेअरला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कामगारांच्या त्या घरांत आजही माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत घालतात.

आपल्याकडं सॉल्टसारखा एकच धनी नव्हता. आपलं गाव हजारो छोट्या माणसांनी मिळून उभं केलं, म्हणून ते राखणंही हजारो माणसांनाच जमेल. आणि एका बाबतीत आपण सॉल्टेअरच्या पुढं आहोत : त्यांच्या गिरणीला नवा धनी मिळाला तो ती थांबल्यावर, आपल्याकडं माग अजून चालू आहेत. कामगार आहेत, कारखानदार आहेत, गिऱ्हाईक आहे, मानांकन आहे.

मग करायचं काय?

एक शेड राखू या. फक्त एक. बंद पडायला आलेली, पण चार-सहा माग धडधाकट असलेली. त्यात एक हातमाग, एक जुना जॅकार्ड, एक टॉवेलचा माग चालू स्थितीत ठेवायचा. भिंतीवर चौकटीचे कागद, कार्डांच्या माळा, धोटे, कांड्या, जुनी पगारपुस्तकं, युनियनची पत्रकं. निवृत्त कामगारांनी आठवड्यातून दोन दिवस तिथं माग चालवून दाखवायचा, त्याचं रीतसर मानधन घ्यायचं. हजारो भाविक गाड्यांनी आणि पायी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला जातात, ते याच रस्त्यानं. त्यांतले थोडे जरी तासभर आपल्याकडं थांबले तरी ही शेड स्वतःच्या पायावर उभी राहील, आणि दारातच चादर विकली जाईल ती वेगळीच. जागा देऊ शकणारा कारखानदार आपल्यातच आहे. यंत्रमागधारकांचा संघ आहे, कामगार संघटना आहेत, पद्मशाली समाजाच्या शिक्षणसंस्था आहेत. सगळ्यांनी एका सतरंजीवर बसायचं आहे, एवढंच.

दुसरं काम तरुणांचं. खिशातला मोबाइल बाहेर काढा. आजोबांसमोर बसा आणि त्यांना बोलू द्या. पहिला पगार किती होता, मागावर गाणी कुठली म्हणायचात, संपाच्या दिवसांत घर कसं चाललं, जॉबर शिव्या कशा द्यायचा, सगळं. आजी विडी कामगार असेल तर तिला विचारा, विडीच्या पानाला कात्री कशी लावायची, दिवसाला हजार विड्या वळताना पोरांना कोण सांभाळायचं. तेलुगूत बोलत असतील तर तेलुगूतच रेकॉर्ड करा, मराठी नंतर करता येईल. विडीकामगार बायकांबद्दल तर फार थोड्यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या बोटांवर या भागातली कितीतरी घरं चालली आहेत.

शाळांना विनंती आहे. सहलीची बस हैदराबादला न्या, जरूर न्या, पण एक दिवस एमआयडीसीत आणा. पाचवी-सहावीच्या मुलाला मागासमोर उभं करा आणि विचारा, मोर कापडावर कसा आला? गणिताच्या शिक्षकांना चौकटीच्या कागदावर अख्खा तास घेता येईल. त्यातलं एखादं पोर उद्या डिझाइन शिकेल, संगणकावर जॅकार्डची नक्षी काढेल आणि आजोबांनी जपलेला मोर नव्या रंगात बाजारात आणेल. जुनं जसंच्या तसं ठेवायचा आपला हट्ट नाही. गणवेश आणि तयार कपड्यांच्या उद्योगात आपल्या भागातल्या मुली पुढं निघाल्याच आहेत. चादरीच्या कापडाच्या पिशव्या, जाकिटं, पडदे निघू शकतात. नव्याला जागा देतच आपण इथवर आलो. हातमागवाला यंत्रमागावर गेला तेव्हाही कुणी ना कुणी नाक मुरडलंच असेल.

आणि आपण सगळे गिऱ्हाईक आहोत, हे विसरू नका. पुण्या-मुंबईत, परदेशात गेलेल्या सोलापूरकरांनो, ही विनंती तुमच्यासाठी. घरच्या कार्यात आहेर द्यायचा असेल तर सोलापुरात विणलेली चादर द्या. विकत घेताना दुकानदाराला विचारा, कुठं विणली, कुणी विणली? मानांकनाची खूण दाखवा म्हणा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्यासाठी दुकानदार खरा माल ठेवतोच. कंपनीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देत असाल तर शालीच्या जागी नाव विणलेला सोलापुरी टॉवेल किंवा चादर द्या. पन्नास नगांची एक ऑर्डर म्हणजे एखाद्या छोट्या मागवाल्याच्या शेडमध्ये येणारं काम असतं.

हे सगळं आपल्याच्यानं होईल का, असं कुणी विचारलं तर त्याला कुंभारीला घेऊन जा. तिथं गोदूताई परुळेकर वसाहत आहे. विडी वळणाऱ्या बायकांची दहा हजार घरं. त्यांनी मोर्चे काढले, रुपया-रुपया साठवला, वर्षानुवर्षं चिकाटी धरली, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या वसाहतीचं लोकार्पण झालं. मग रे नगर उभं राहिलं. तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले, अशा माणसांची ही घरं. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांनी देशातलं एवढं मोठं काम करून दाखवलं. एक शेड राखणं त्यांना अवघड जाईल, असं मला अजिबात वाटत नाही.

तेव्हा सुरुवात अशी करू या. येत्या नारळी पौर्णिमेच्या आधी प्रत्येक गल्लीनं एक पेटी ठेवायची, देवळात, तालमीत, शाळेत, जिथं विश्वासाची माणसं बसतात तिथं. घरातला मागाचा एखादा जुना फोटो, एखादं कार्ड, धोटा, डिझाइनचा कागद, वडिलांचं ओळखपत्र, जे असेल ते पेटीत. सोबत कागदावर लिहा : कुणाचं, कुठल्या शेडचं, साधारण कुठल्या सालचं. द्यायचं नसेल तर नुसता फोटो काढू द्या आणि वस्तू घरी परत न्या. रथाच्या दिवशी, वाटेवरच्या मंडपात, हे सगळं मांडू. ज्यांची शेड विकायला निघाली आहे त्यांनी भंगारवाल्याला फोन करण्याआधी शेजारच्या चार मागवाल्यांना सांगावं. किमान एक माग, त्याच्या कार्डांच्या माळेसकट, बाजूला काढून ठेवा. ठेवायला जागा नसेल तर तसं सांगा, जागा आपण शोधू.